भिंतीतली तिजोरी, वर्षभराच्या वापरानंतर: भिंत पक्की, सेलनी घात केला

यंदा सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, ऐन अक्षता सोहळ्याच्या (सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या) सकाळी, तिजोरी उघडेना. कोड टाकला की हिरवा दिवा लागायचा, आत बारीक ‘टक्’ व्हायचं, पण मूठ फिरेना. ठुशी आणि पाटल्या आत, सौ. नऊवारी नेसून बाहेर ताटकळलेली. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर उत्तर तयार होतं: लॉक गेलंय, माणूस पाठवतो, व्हिजिट चार्ज पडेल. वॉरंटीतल्या वस्तूला व्हिजिट चार्ज कसला?

लॉक गेलंच नव्हतं, सेल गेले होते. कीपॅड आणि दिवा चालायला करंट अगदी थोडा लागतो. दांडा मोकळा करणाऱ्या सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या चुंबकाला) मात्र एका झटक्यात बराच करंट हवा असतो, आणि साधे कार्बन-झिंक सेल तिथेच बसतात. म्हणून दिवा हिरवा आणि दार बंद. हे साधे सेल कंपनीनेच खोक्यात दिलेले. हजारो रुपयांच्या तिजोरीत चार अल्कलाइन सेल द्यायला यांचा हात आखडतो, याचा मला अजून राग येतो. रिचार्जेबल सेलही घालू नका. ते १.२ व्होल्टचे, चार मिळून ४.८ होतात, लॉकला ६ लागतात.

त्याहून मोठा दोष म्हणजे सेलचा कप्पा दाराच्या आतल्या बाजूला आहे. सेल संपले तर दार उघडत नाही, आणि दार उघडल्याशिवाय सेल बदलता येत नाहीत. मग उरते इमर्जन्सी चावी. तीही कंपनी तिजोरीच्या आतच पिशवीत घालून पाठवते! आम्ही ती पहिल्याच दिवशी काढून बहिणीकडे विडी घरकुल वसाहतीत ठेवली होती. पण त्या दिवशी नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे गावातले रस्ते बंद. भाचा तिथून फिरून फिरून चावी घेऊन पोचला तेव्हा सोहळ्याची वेळ टळत आली होती. आता एक चावी घरातच आहे, तिजोरीपासून लांब. तिजोरी घ्यायला जाल तेव्हा ती किती लिटरची आणि रंग कुठला हे नंतर विचारा. सेल बाहेरून बदलता येतात का, हे आधी विचारा.

फिंगरप्रिंटचं मॉडेल दुकानातच बाद केलं. आईने उभं आयुष्य विड्या वळल्या, बोटांच्या रेषा झिजल्यात. मशीन तिचं बोट घेईना. जी तिजोरी आईला उघडत नाही ती आमच्या घरात कशाला?

लॉकर का नाही, असं बरेच जण विचारतात. लॉकरमध्ये रोख ठेवता येत नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांनुसार चोरी-आग झाली आणि चूक बँकेची निघाली, तरी भरपाई वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच. भाडं २,००० असेल तर दोन लाख. सोन्याचा आजचा भाव बघा आणि हिशेब करा.

बसवण्याच्या कामावर मात्र मी बेहद्द खूश आहे, आणि त्याचं श्रेय सगळं आमच्या गवंड्याचं. बाहेरची पश्चिमेची भिंत त्याने बघताक्षणी नाकारली: उन्हाळ्यात तापते, आणि मागून फोडायलाही सोपी. बाथरूमची ओलीमुळे गेली, साडेचार इंची जाडीमुळे. राहिली दोन खोल्यांमधली नऊ इंची, गिलाव्यासकट दहा. तिजोरी सहा इंच खोल, म्हणजे मागे चार इंच शिल्लक. वायरिंगचा पाईप कुठून जातो ते बघूनच आखणी केली. छिन्नी-हातोडा न लावता ग्राइंडरने चौकट कापली, त्यामुळे पलीकडचा गिलावा जागचा हलला नाही. वरच्या विटांचा भार तिजोरीच्या पत्र्यावर नको म्हणून कोनाड्याच्या डोक्यावर शहाबादी फरशीचा तुकडा दोन्हीकडे चार-चार बोटं आत रोवून बसवला. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. बोल्ट आवळून भोवती सिमेंटचा घट्ट माल ठासला. समोर कपाट, कपाटाच्या पाठीला सरकती फळी, त्यापुढे साड्या. पाहुण्यांना वर्षभरात पत्ता लागलेला नाही.

माल ओला असताना आत काही ठेवू नका. आम्ही पाणी मारून झाल्यावर दार बरेच दिवस उघडं ठेवलं, नंतर सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. गंजाचा ठिपका नाही. कागद मात्र जपून. असा पातळ पत्रा आगीत टिकत नाही, म्हणून खरेदीखताची प्रत दुसरीकडे आहे.

त्या सकाळी ही तिजोरी परत करायची असं मी ठरवलं होतं. अल्कलाइन सेल घातल्यापासून ती एकदाही अडलेली नाही, आणि भिंत पुन्हा फोडायची माझी तयारी नाही. ठेवतोय. नंतर आलेल्या माणसाने लॉक ठीक आहे म्हणून सांगितलं आणि तरीही पाचशे रुपये घेतले. पावती माझ्याकडे आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, आणि ते पाचशे मी सोडणार नाही.