लाईव्ह बॅकरॅट शिकायला गेले आणि १,८३,६०० रुपये घालवून बसले

मी सांगलीत मार्केट यार्डातल्या अडत्यांची आणि काही छोट्या दुकानदारांची खाती लिहिते. हळदीचे सौदे, जीएसटी, टीडीएस हे माझं रोजचं काम. वीस वर्षं लोकांच्या वह्या पैशाला पैसा जुळवून दिल्या. लोक असे कसे फसतात, असं पूर्वी मीही म्हटलंय. मला ज्या वाटेने नेलं ती शिकवणीची वाट होती आणि पहिले चार दिवस मला एकही गोष्ट खोटी सांगितली गेली नाही. म्हणून हे सगळं तपशिलात लिहितेय.

दिवाळी २०२५ नंतरचा आठवडा. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर परत गेलेली, मिस्टर कुपवाडला एमआयडीसीत सेकंड शिफ्टला. रात्री मोबाईल चाळताना रील आलं: "मराठीतून लाईव्ह बॅकरॅट शिका, नवशिक्यांसाठी, मोफत." मी मे महिन्याच्या सुट्टीत मेंढीकोट आणि पाच-तीन-दोन खेळत मोठी झालेली. पत्त्यांचा खेळ आहे, फुकट आहे, बघू तरी, म्हणून ग्रुपवर गेले.

शिकवणाऱ्याला सगळे 'सर' म्हणत. नाव कधी कळलं नाही. बोलणं अगदी आपल्याकडचं, गोड. "ताई, घाई करायची नाही. आधी फक्त बघायचं." चार संध्याकाळी त्यांनी नियम शिकवले आणि ते नियम खरे होते, हे मी नंतर पडताळून पाहिलं. आठ कॅट एकत्र पिसतात, म्हणजे ४१६ पानं. एक्का १, दुर्री ते नव्वी जितकी पानावर तितकी, दश्शी-गुलाम-राणी-राजा शून्य. बेरजेतला फक्त शेवटचा आकडा धरायचा, ९ सगळ्यांत मोठा. एक बाजू 'प्लेयर', दुसरी 'बँकर', ही नुसती नावं. आपण कुठल्याही बाजूवर लावू शकतो, किंवा बरोबरी होईल म्हणून 'टाय'वर.

एक डाव अजून डोळ्यांसमोर आहे. प्लेयरला राजा आणि चौरी आली, म्हणजे ४. पाच किंवा कमी असेल तर तिसरं पान घ्यावंच लागतं. स्क्रीनवरच्या डीलर मुलीने (पानं वाटणारी) डब्यातून पान ओढलं, ती नव्वी निघाली. तेरा, म्हणजे ३. बँकरकडे सत्ती आणि गुलाम, म्हणजे ७, तो थांबतो. बँकर जिंकला. सरांनी विचारण्याआधी उत्तर मला आलं होतं आणि ग्रुपवर "वा ताई!" म्हणून पंधरा-वीस मेसेज पडले. या वयात कुणी शाबासकी देत नाही. त्या मेसेजांनी मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

पण त्या डावात मी केलं काय? काहीच नाही. पान घ्यायचं की थांबायचं हे नियमाने ठरलेलं असतं. खेळणाऱ्याच्या हातात नाही, डीलरच्याही नाही. रमीत हात लावायचा असतो, मेंढीकोटात भिडूचं पान ओळखावं लागतं. इथे पैसे कुठल्या बाजूवर ठेवायचे एवढंच आपलं काम, बाकी सगळं नशीब. म्हणजे जो खेळ दहा मिनिटांत कळतो आणि ज्यात पुढे शिकण्यासारखं काही उरत नाही, त्याची चार दिवस शिकवणी चालली होती. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. नवशिक्या कुणी हे वाचत असेल तर एवढ्या जागी थांबा. बॅकरॅटमध्ये 'एक्स्पर्ट' व्हायला जागाच नाही. जो शिकवतोय तो दुसरंच काहीतरी विकतोय.

पाचव्या दिवशी खोटं सुरू झालं. स्क्रीनवर खाली झालेल्या डावांचा तक्ता असतो. बँकर जिंकला की लाल गोल, प्लेयर जिंकला की निळा, टाय असेल तर हिरवी खूण. खऱ्या कॅसिनोतही असा तक्ता लावतात. सरांनी सांगितलं की या गोलांची नक्षी वाचता आली की पुढचा डाव कळतो. "चार लाल झाले, आता ड्रॅगन आहे, म्हणजे एकाच रंगाची लांब रांग, लालवरच राहायचं." पानांना मागचा डाव आठवत नसतो. मागे काय आलं त्यावरून पुढचं काय येईल हे हाताला लागेल असं काही त्या तक्त्यात नाही. पण आधीच्या चार दिवसांतलं सगळं खरं निघालेलं असल्यामुळे हेही मी खरंच धरलं.

ॲप प्ले स्टोअरवर नव्हतं. लिंकवरून फाईल उतरवायला लावली. फोनने धोक्याची सूचना दिली, सर म्हणाले "ती सगळ्यांनाच येते ताई", आणि त्या ॲपला मी माझे कॉन्टॅक्टसुद्धा उघडून दिले. कायद्याचं मी विचारलं होतं. ऑगस्टमध्येच संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला होता, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, मोठमोठी ॲप बंद पडली. ते म्हणाले, आपलं टेबल गोव्याचं आहे, मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटीवरचं, तिथे कायदेशीर आहे. आमच्या यार्डातले दोघे-चौघे पणजीला त्या बोटींवर जाऊन आलेत, त्यामुळे ते पटलं. गोव्यातला परवाना त्या बोटीवर जाऊन खेळण्यापुरता असतो, सांगलीत स्वयंपाकघरात बसून मोबाईलवर खेळायचा नसतो. आणि नवा कायदा परदेशातून भारतात चालवल्या जाणाऱ्या खेळालाही लागू आहे.

पहिल्यांदा २,००० रुपये टाकले. दोन दिवसांत ३,४०० झाले आणि ते खरोखर माझ्या बँकेत आले. माझ्या मनातली शेवटची शंका त्या ३,४०० रुपयांनी मारली. मग १०,०००, मग २५,०००. दर वेळी नवा क्यूआर कोड यायचा, "दहा मिनिटं चालेल" म्हणून. एकदा पैसे घेणाऱ्याचं नाव भाजीच्या दुकानाचं होतं, एकदा कुणा बाईचं, एकदा मोबाईल ॲक्सेसरीजचं. माझ्या एखाद्या दुकानदाराने एकाच व्यापाऱ्याला पाच वेगवेगळ्या नावांवर पैसे दिलेले दिसले असते तर मी त्याला समोर बसवून जाब विचारला असता.

मग दामदुपटीची पद्धत आली. ५०० लावा, गेले तर १,०००, मग २,०००, ४,०००, जिंकाल तेव्हा मागचं सगळं भरून निघतं. एका रात्री सहा डाव सलग गेले. ५०० पासून १६,००० पर्यंत, मिळून ३१,५००. सातव्याला ३२,००० हवे होते आणि खात्यात ३,५०० उरले होते. हात गार पडले होते माझे. ताकाचं पातेलं तसंच ओट्यावर राहिलं होतं, सकाळी मिस्टरांनी विचारलं तेव्हा मी बरं नव्हतं म्हणून सांगितलं.

या पद्धतीचा हिशोब मी नंतर कागदावर मांडला, तो देते. ५०० पासून सुरू करून जिंकेपर्यंत, जास्तीत जास्त सात डाव, ही एक मालिका. प्लेयरवर लावत गेलं, टाय सोडून दिले, तर सलग सात डाव हरण्याची वेळ सरासरी ११६ मालिकांत एकदा येते. उरलेल्या ११५ मालिकांत ५००-५०० मिळून ५७,५०० मिळतात आणि त्या एका मालिकेत ६३,५०० जातात. आणि हे प्रामाणिक टेबलावर. तिथेही बँकरवर लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे साधारण १ रुपया ६ पैसे आणि प्लेयरवर १ रुपया २४ पैसे कॅसिनो खातो. बँकर जिंकला तर ५ टक्के कापून देतात ते वेगळं वाटतं, पण ते यात धरलेलं आहे. टायला आठपट मिळतात म्हणून माणूस भुलतो. प्रत्यक्षात शंभर डाव शंभर-शंभर रुपये टायवर लावले तर सरासरी १,४०० हून जास्त जातात.

सर म्हणाले, "ताई, रडायचं नाही. उद्या रिकव्हरी सेशन." मी मुलीच्या पुढच्या हप्त्यासाठी ठेवलेले ५०,००० भरले. तीन रात्री त्यांनी सांगितलं ते लावत गेले, वर 'व्हीआयपी बोनस' पडत गेला, आणि स्क्रीनवरची रक्कम वाढत राहिली. पैसे काढायला गेले तर अर्ज अडकला. लेव्हल वाढवल्याशिवाय मोठी रक्कम निघत नाही, एक लाख भरा, तेही तुमच्याच खात्यात दिसतील. ते भरले. खरंच दिसले. एकूण ५,४०,०००.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला: "सरकारी नियमानुसार ३० टक्के टीडीएस १,६२,००० आधी भरा, मग रक्कम मुक्त होईल."

इथे मी थांबले, कारण हे माझं काम आहे. ऑनलाइन खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस आहे हे खरं, तेव्हाच्या आयकर कायद्यातलं कलम १९४बीए, १ एप्रिल २०२३ पासून. पण टीडीएस म्हणजे देणाऱ्याने कापून घ्यायचा कर. निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तो कापायचा आणि उरलेले हातात द्यायचे. घेणाऱ्याकडून आधी रोख मागायचा नाही, आणि आपण भरलेल्या पैशांवर तर मुळीच नाही. मी लिहिलं, तुम्हीच कापून घ्या, ३,७८,००० द्या. त्यावर सरांची भाषा बदलली. "मॅडम, तुमच्या सगळ्या व्यापाऱ्यांचे नंबर आमच्याकडे आहेत. तुम्ही जुगार खेळता हे त्यांना कळवू का?" ताई गेली, मॅडम आली. अर्ध्या तासात ग्रुपमधून मला काढून टाकलं.

दोन दिवस मी कुणाला बोलले नाही. या दोन दिवसांचं मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं. मिस्टरांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आधी फोन लाव." १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर. फोनवर त्यांनी व्यवहाराची तारीख, रक्कम आणि यूटीआर नंबर (बँकेचा त्या व्यवहाराचा क्रमांक) विचारले, राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार नोंदवली गेली. शेवटच्या एक लाखातले १८,२०० रुपये पुढच्या एका खात्यात सापडले आणि तिथेच गोठवले. बाकी तोवर चार खाती ओलांडून गेले होते. तासाभरात फोन केला असता तर किती हाती लागले असते, हा विचार रात्री झोपू देत नाही.

आपणच खेळलो, आपल्यालाच पकडतील, या भीतीने गप्प बसू नका. नव्या कायद्यात चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे, खेळणाऱ्याला ठेवलेली नाही. चॅट डिलीट करू नका. मी रागाच्या भरात अर्धं उडवलं होतं. आणि "तुमचे पैसे परत मिळवून देतो, १२,००० फी" असा फोन येईल. मला तक्रारीनंतर आठवड्यात आला. तोही त्यातलाच प्रकार आहे.

सायबर पोलीस ठाण्यात जबाबाला गेले त्या दिवशी बाकावर शेजारी एक मुलगा बसला होता, पंचवीसएक वर्षांचा, मिरजेचा. त्याचं ॲप तेच, टेबल तेच, सर मात्र वेगळे. आम्ही दोघांनी फोन शेजारी शेजारी धरले. ११ नोव्हेंबर, रात्री ९ वाजून १४ मिनिटं. माझ्या ग्रुपवर मेसेज: "पुढचा डाव लाल, पक्का." त्याच्या ग्रुपवर, त्याच मिनिटाला: "पुढचा डाव निळा, पक्का." डाव लाल निघाला होता. माझ्या ग्रुपवर त्यानंतर टाळ्यांचे मेसेज, त्याच्या ग्रुपवर "उद्या रिकव्हरी". आधी सांगितलेलं बरोबर येतं यावरच माझा सगळा विश्वास उभा होता. दोन ग्रुपना दोन रंग सांगितले की एक ग्रुप बरोबर येणारच. तो मुलगा कितीतरी वेळ नुसता स्क्रीनकडे बघत होता.

त्याला जबाब कसा लिहायचा ते सुचत नव्हतं. मी पर्समधली वही काढली आणि त्याचे व्यवहार उतरवून घेतले, तारीख, वेळ, यूटीआर, रक्कम, घेणाऱ्याचं नाव, अशा अकरा नोंदी. माझ्या पाच नोंदींशी लावून बघितल्या तर एक नाव दोन्हीकडे आलं, ते भाजीच्या दुकानाचं. माझे २५,००० आणि त्याचे ४०,००० त्याच खात्यात गेले होते, सहा दिवसांच्या अंतराने. ते पान फाडून आम्ही आत हवालदारांना दिलं. त्यांनी दोन्ही तक्रारींचे नंबर त्यावर लिहून घेतले.