झटका मशीन : डुकरासाठी घ्या, बिबट्यासाठी नको

सोलर झटका मशीन (शेताच्या कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं) मे २०२४ मध्ये घेतलं, आता दोन पावसाळे काढले त्याने, म्हणून म्हटलं आता लिहू. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर एक स्टार दिला असता आणि वर शिव्या दिल्या असत्या.

आमचं रान आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या बाजूला. मी हडपसरला नोकरीला, शनिवार-रविवार गावी, बाकी सगळं आण्णा (माझे चुलते) आणि काकू बघतात. डोंगराच्या अंगाला दोन एकराचा तुकडा आहे त्यात भुईमूग आणि मका, खाली ओढ्याकडे शेजाऱ्यांचा ऊस. म्हणजे वरून डुकरं आणि खालून बिबट्या, मध्ये आम्ही. ज्यांनी रानडुकरांनी उकरलेला भुईमूग बघितला नाही त्यांना सांगून कळणार नाही, सकाळी जाऊन बघावं तर नांगर घातल्यासारखं रान आणि शेंगांची टरफलं तेवढी मागे ठेवलेली. बुजगावणं झालं, काकूंच्या जुन्या साड्या बांधाला बांधून झाल्या, सुतळी बॉम्ब झाले, भोंग्यावर कुत्र्याचं भुंकणं लावून झालं. चार दिवस डुक्कर बुजतं, पाचव्या दिवशी साडीखालूनच आत येतं.

एका पाहुण्यांनी सल्ला दिला की मोटारीच्या स्टार्टरवरून डायरेक्ट तार सोडा. हे कुणीही करू नका. घरच्या लाईटचा करंट सलग चालू राहतो, चिकटला की माणूस सुटत नाही, पहाटे पाणी धरायला गेलेली माणसं अशा तारेवर गेलीत, आणि गुन्हा दाखल होतो तो वेगळाच. झटका मशीनचं तसं नसतं. व्होल्टेज आठ-दहा हजारापर्यंत जातं पण ते साधारण सेकंदाला एकदा आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं, त्यामुळे जनावर दणका खाऊन मागे सरतं, मरत नाही. मी स्वतः चुकून हात लावलाय, कोपरापर्यंत कुणीतरी काठी मारल्यासारखं वाटतं, तोंडातून जे निघालं ते इथे लिहीत नाही.

तर पुण्यातल्या एका दुकानातून घेतलं, नाव लिहीत नाही. मशीन, १२ व्होल्टची बॅटरी आणि पॅनल मिळून साडेअकरा हजार, तार, खांब, इन्सुलेटर वेगळं. दोन एकराला कडेने साडेतीनशे-पावणेचारशे मीटर होतं, तीन पदर ओढायचे म्हणजे अकराशे मीटर तार, हा हिशोब दुकानदार आधी सांगत नाही. त्यांचा पोरगा आला, अर्ध्या दिवसात जोडून गेला, टक टक टक आवाज यायला लागला, आण्णा खूश. तिसऱ्या रात्री डुकरं आत.

दुकानात फोन केला तर "माणूस पाठवतो" आणि माणूस तीन आठवडे आला नाही, तोवर निम्मा भुईमूग गेला. शेवटी गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याला बोलावलं. त्याने मशीनकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ विचारलं अर्थिंग कुठंय. दुकानाच्या पोराने बांधावरच्या कोरड्या मुरमात दोन फुटाची एकच सळई ठोकली होती. आता यातली गंमत अशी की झटका तारेतून जनावराच्या अंगात जातो, तिथून पायातून जमिनीत, आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळईमार्गे परत मशीनला, तेव्हा सर्किट पूर्ण होतं. सळई कोरड्यात असेल तर डुक्कर तारेला घासून आरामात जातं आणि तुम्ही मशीनला शिव्या देता. त्याने विहिरीजवळच्या ओल्या जागेत सहा-सहा फुटाच्या तीन सळया दहा-दहा फुटांवर ठोकल्या, एकमेकीला जोडल्या, टेस्टर लावला. आधी तीन हजार व्होल्ट दाखवत होता तो सात हजाराच्या वर गेला.

दुसरी दुरुस्ती तारेच्या उंचीची. पोराने खालची तार दीड फुटावर बांधली होती. डुकराच्या अंगावरचे केस राठ असतात, पाठीला झटका बसला तर ते मागे न जाता पुढेच मुसंडी मारतं. लागायला पाहिजे ते नाकाला, ओल्या नाकाला. म्हणून पहिली तार जमिनीपासून वीतभर, मग बाकीच्या. हे केलं त्याच रात्री साडेअकराच्या सुमाराला वरच्या बांधाकडून असा चित्कार ऐकू आला की काकू पायरीवरून उठून आत गेल्या. तेव्हापासून भुईमूग आमचा आम्ही खातोय. एखाददुसरं शिरतं, पण टोळी नाही.

कटकट एकच, गवत. पावसाळ्यात दर दहा-बारा दिवसांनी तारेखालचं गवत कापावं लागतं, पातं तारेला टेकलं की करंट तिथूनच जमिनीत उतरतो. मजुरी धरा हिशोबात. टेस्टर आणि जादाचे इन्सुलेटर पुण्यात तपकीर गल्लीत (इलेक्ट्रिक सामानाचा बाजार) स्वस्त मिळाले, ते मात्र आधीच घेऊन ठेवा.

आता बिबट्या. दुकानातल्या बोर्डवर ठळक लिहिलं होतं "बिबट्या १००% बंद". हे साफ खोटं आहे आणि माझा खरा राग यावरच आहे. जानेवारीत ऊसतोड चालू झाली, खालचा फड मोकळा झाला, बिबट्याचा आडोसा गेला, आणि आठवड्याभरात बिबट्याने गोठ्यातून शेळी नेली. गोठा कुंपणाच्या आतच होता. तारेला स्पर्श न करता झाडावरून नाहीतर बांधावरून उडी मारून येणारं जनावर ते, त्याला तीन पदर म्हणजे काहीच नाही. फोनवर दुकानदार म्हणतो कसा, "साहेब मग अजून चार पदर वाढवा."

वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन केला, माणसं आली, पंचनामा झाला. (मेलेलं जनावर पंचनाम्याआधी हलवू नका, भरपाई अडकते.) आण्णांचं एकच, "पिंजरा लावा आणि न्या त्याला." वनरक्षक शांतपणे म्हणाले, "आण्णा, हा नेला तर मोकळ्या जागी दुसरा येतो, आणि लांब सोडलेला तिथल्या लोकांना त्रास देतो." जुन्नर भागात २००० नंतरच्या काही वर्षांत हे झालेलंच आहे, बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात सगळं आलंय. आणि जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात तरी किती ठेवणार. आण्णांना पटलं नाही. खरं सांगायचं तर २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबुतकडे जे झालं, बिबट्याच्या हल्ल्यात तीन जीव गेले, बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागल्या, त्यानंतर मलाही त्यांच्याशी वाद घालावासा वाटत नाही.

बिबट्यासाठी जे कामाला आलं ते मशीन नाहीच. गोठ्याला चारी बाजूंनी आणि वरूनसुद्धा जाळी मारली, लोखंडी दार, आतून-बाहेरून कडी, वेल्डरने अठरा हजार घेतले. बाहेर एक बल्ब. त्यानंतर दोनदा पावलांचे ठसे दारापर्यंत आलेत आणि तिथूनच वळलेत. पाणी धरायला एकट्याने जायचं नाही, मोबाईलवर गाणी मोठ्याने, आणि वाकून काम असेल तर जोडीला कुणीतरी उभं पाहिजे, वाकलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. शेतीपंपाची थ्री फेज लाईट रात्रीची असली की हे सगळं बोलायला सोपं, एवढंच.

अनुदानाचं : श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजनेत सौर कुंपणाला ७५ टक्के किंवा १५ हजार, जे कमी असेल ते मिळतं, पण आपलं गाव यादीत आहे का ते वनपरिक्षेत्र ऑफिसात आधी विचारा. मी आधी विकत घेतलं आणि मग चौकशी केली.

मशीनला चार स्टार, दुकानाला एक, तोही मशीन खराब निघालं नाही म्हणून. मी दररोज रात्री फोन केला की आण्णा बोलायच्या आधी फोन मशीनजवळ नेतात, टक टक ऐकवतात, मग हॅलो म्हणतात. काल टक टक फार बारीक येत होती. विचारलं तर म्हणाले, "गवत वाढलंय, शनिवारी येतोयस ना?"