बिनमोटरची कर्व्ह्ड ट्रेडमिल: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यावर

ज्यांना फक्त निकाल हवा त्यांच्यासाठी तो आधीच सांगते. दिवसाला पंचवीस-तीस मिनिटं मिळत असतील आणि तेवढ्यात दम काढायचा असेल, तर कर्व्ह्ड मॅन्युअल ट्रेडमिल फार चांगली. फुल मॅरेथॉनची तयारी घरातल्या घरात करायची असेल तर ही घेऊ नका. साधी मोटरवाली घ्या आणि उरलेल्या पैशांत दोन जोडी चांगले बूट घ्या. आमच्याकडे ती मे महिन्यात आली, आता फेब्रुवारी संपत आलाय.

आम्ही ठाण्यात, घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या बाजूला राहतो. मेट्रोचं काम, खणलेला सर्व्हिस रोड आणि धूळ यांच्यामुळे घराखाली उतरून पळणं मी केव्हाच सोडलं. सुट्टीच्या दिवशी येऊरच्या डोंगरावर किंवा उपवन तलावाला जाते, पण कामाच्या दिवशी तिथे जाऊन परत यायला वेळ नसतो. पावसाळ्यात तर सगळंच अवघड होतं. ऑगस्टमध्ये आपल्याकडे वर्षा मॅरेथॉन असते, तेव्हा भिजत पळायला मजा येते, पण रोज सकाळी साडेपाचला पाण्याखालच्या खड्ड्यांचा अंदाज घेत पळणं ही मजा नाही. म्हणून ट्रेडमिल. कर्व्ह्डच का, तर एका जिममध्ये पाच मिनिटं पळून बघितली होती आणि आवडली. कंपनीचं नाव देत नाही. वुडवे, असॉल्ट, ट्रूफॉर्म, टेक्नोजिमची स्किलमिल ही या प्रकारातली मोठी नावं, आमची त्यांपैकी नाही. आम्ही पावणेदोन लाख मोजले. मी हाफ मॅरेथॉन पळते, वजन 52 किलो. नवरा पळत नाही, वजन 84. हे आकडे उगाच देत नाहीये, पुढे लागणार आहेत.

ज्यांनी हे मशीन बघितलं नसेल त्यांच्यासाठी: याला मोटर नसते, प्लग नसतो, सुरू करायचं बटणही नसतं. रबर लावलेल्या आडव्या पट्ट्या एकमेकींना जोडून बेअरिंगवर फिरतात आणि त्यांचा आकार मधे खोलगट, दोन्ही टोकांना वर चढलेला असतो. तुम्ही पुढच्या चढावर पाय टाकता, शरीराच्या वजनाने पट्टा खाली-मागे सरकतो, की दुसरा पाय पुढे. जितकं पुढे पळाल तितका वेग वाढतो, मागे राहिलात की कमी होतो. मोटरच्या ट्रेडमिलवर पट्टा तुम्हाला पळवतो. इथे पट्ट्याला तुम्ही पळवता, आणि थकलात की तोही तुमच्याबरोबर मंदावतो. माझ्या दृष्टीने हा या मशीनचा सगळ्यात मोठा गुण. आकडा लावून ठेवायचा आणि मग जीव मुठीत धरून त्याच्यामागे पळायचं, हा प्रकारच राहत नाही.

दुसरा गुण लक्षात यायला थोडे आठवडे लागले. पाय शरीराच्या फार पुढे टाकून टाचेवर आपटलात की पट्टा तिथल्या तिथे अडखळतो, आणि ते पायाला लगेच कळतं. रस्त्यावर कोच ओरडून ओरडून सांगतो की पावलं छोटी टाक. इथे मशीनच ऐकून घेत नाही. माझी पावलं छोटी आणि जलद झाली आणि ती सवय रस्त्यावरही थोडीफार टिकली. पूर्ण टिकली म्हणणार नाही, कारण लांब पळताना शेवटी मी पुन्हा जुन्या चालीवर येते.

याची किंमत मात्र पोटऱ्या भरतात. या मशीनवर पाय चढावर पडतो, त्यामुळे पावलाच्या पुढच्या भागावर आणि पर्यायाने पोटरी, टाचेमागची शीर (अकिलीस टेंडन) आणि मांडीच्या मागच्या बाजूवर जास्त ताण येतो. विक्रेते सांगतात की गुडघ्यांना आराम. रबराच्या पट्ट्या धक्का शोषतात हे खरं आहे, माझ्या गुडघ्यांची तक्रार नाही. पण गुडघ्यावरचा भार हवेत विरत नाही, तो खाली सरकतो. पहिले काही आठवडे जिना उतरताना कठडा धरावा लागत होता. वर्षानुवर्षं पळणाऱ्यांनीही सुरुवात आठ-दहा मिनिटांनी करावी, एक दिवस सोडून एक दिवस. टाचेमागची शीर आधीच दुखत असेल तर ही ट्रेडमिल घेण्याआधी फिजिओथेरपिस्टला विचारा. बुटांचंही तसंच. जाड सोलचे, टाच उंच असलेले बूट यावर डगमगतात. पातळ आणि सपाट सोलचे बरे.

आता आकड्यांबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. रस्त्यावर मी आरामात सात मिनिटांना किलोमीटर पळते. त्याच हृदयगतीला मशीनचा डिस्प्ले सव्वाआठ, कधी साडेआठ दाखवतो. पहिल्या दिवशी वाटलं मशीन बिघडलंय. बिघडलेलं नाही. पट्टा फिरवण्याचं काम तुम्हीच करताय, बेअरिंगचं घर्षण सतत तोडावं लागतं, आणि प्रत्येक पाऊल पट्ट्याला आधी किंचित अडवतं आणि मग पुन्हा ढकलतं. त्यामुळे त्याच वेगाला ऑक्सिजन जास्त लागतो, हृदयाचे ठोके जास्त पडतात. मोटरच्या ट्रेडमिलवर रस्त्याशी बरोबरी साधायला आपण एक टक्का चढ लावतो, तसा साधा हिशोब इथे नाही. मनगटावरचं घड्याळ तिसराच आकडा सांगतं. मी डिस्प्लेवरचा पेस, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागतात तो आकडा, बघणं सोडलंय. मिनिटं आणि हृदयगती, एवढंच बघते.

यातूनच ती प्रसिद्ध जाहिरात येते: तीस टक्के जास्त कॅलरी. त्यात दोन शब्द खाल्लेले असतात, ‘त्याच वेगाला’. ताशी दहा किलोमीटरच्या वेगाने इथे पळालात तर मोटरवाल्यापेक्षा जास्त कॅलरी जाणार, मान्य. पण दहाच्या वेगाने पळणार कोण? माणूस आपल्या दमाप्रमाणे पळतो. तेवढाच दम लागेल अशा बेताने पळालात तर वेग कमी पडतो आणि कॅलरी जवळपास तेवढ्याच जातात. वजन कमी करण्यासाठी कोणी ही ट्रेडमिल गळ्यात मारत असेल तर हा प्रश्न विचारून बघा.

आणि इथे नवऱ्याचे 84 किलो कामाला येतात. पट्ट्याचं घर्षण सगळ्यांना सारखंच, पण तो फिरवायला ज्याच्याकडे वजन जास्त त्याला सोपं. माझ्यासारख्या हलक्या माणसाला शरीराच्या मानाने जास्त जोर लावावा लागतो. परिणाम असा, की आयुष्यात कधी पाच किलोमीटर सलग न पळालेला माणूस मोटरवाल्या ट्रेडमिलइतकाच वेग इथे सहज काढतो, आणि मी, जी दर रविवारी पळते, ती त्याच्याहून कमी. त्याचा आनंद काय वर्णावा. पण तुम्ही पन्नास-पंचावन्न किलोचे असाल तर दुकानात जाऊन स्वतः पळून बघितल्याशिवाय अजिबात घेऊ नका. स्वस्त मॉडेलांत पट्टा जड फिरतो आणि तो फरक हलक्या माणसालाच कळतो.

लाँग रनसाठी, म्हणजे लांब पळण्यासाठी, ही घेऊ नका असं मी सुरुवातीला म्हटलं त्याचं कारण वेगळं आहे. मॅरेथॉनच्या तयारीतला मोठा हिस्सा म्हणजे हळू, गप्पा मारत, कंटाळवाणं पळणं. या मशीनवर हळू पळता येतं, पण आळशीपणे पळता येत नाही. लक्ष विचलित झालं की तुम्ही नकळत मागे सरकता किंवा पुढे चढता आणि वेग बदलतो. मोबाइलवर मालिका बघत तास काढणं इथे जमणार नाही, पोटऱ्या त्याआधीच हात वर करतात. माझी सोय पस्तीस-चाळीस मिनिटांपर्यंत. त्यापुढचं अंतर मी रस्त्यावर काढते, पाऊस असो नसो.

याउलट इंटरव्हलला, म्हणजे थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू असं पळण्याला, तोड नाही. घरगुती मोटरवाली ट्रेडमिल वेग घ्यायलाच वेळ लावते आणि चौदा-सोळावर जाऊन थांबते. इथे तीस सेकंद जीव खाऊन, तीस सेकंद रांगत, असं पळायचं तर बटण शोधावं लागत नाही. दोन पावलांत वेग, चार पावलांत उतरवला. क्रॉसफिटवाल्यांच्या जिममध्ये ही मशीनं का दिसतात ते तेव्हा कळलं. मंगळवारची माझी वीस मिनिटं पूर्ण आठवड्यातली सर्वांत वसूल वीस मिनिटं असतात.

चढाची तयारीही बरी होते. येऊरचा चढ आता पूर्वीइतका अंगावर येत नाही, जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या हाफला पेडर रोडचा चढही निभावला. पण उताराचं काहीच होत नाही, आणि चढ कमी-जास्त करायची सोयही नाही, जी वक्रता आहे ती आहे. सप्टेंबरमध्ये साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. तिथे यवतेश्वरचा घाट चढून झाला की तोच घाट उतरायचा असतो, आणि मांड्यांच्या पुढच्या बाजूला जो मार बसतो त्याची सवय फक्त खऱ्या उतारावर होते.

आता फ्लॅटमधल्या गोष्टी. मशीन सव्वाशे किलोच्या आसपास, सहा फूट लांब, पावणेतीन फूट रुंद, घडी होत नाही. आणणारी पोरं लिफ्टसमोर उभी राहून म्हणाली, “ताई, हे लिफ्टमधी उभंच न्यावं लागणार, सोसायटीला सांगा.” घेण्याआधी लिफ्टचं दार आणि घराचा पॅसेज मोजा. मोटरची घरघर नाही म्हणून मशीन शांत, असं जाहिरातीत असतं. घरघर नाही, पण पावलांची धपधप आहे, आणि ती खालच्या मजल्यावर थेट पोचते. आम्ही दोन थरांचं जाड रबर मॅट टाकलं तरी खालच्या काकूंनी विचारलंच, “अगं, सकाळी सकाळी काय कुटतेस?” आता सातच्या आधी इंटरव्हल बंद, फक्त चालणं आणि हलकं पळणं.

वीज वाचते हा मुद्दा मला हास्यास्पद वाटतो. मोटरवाली अर्धा तास चालवली तर साधारण अर्धं युनिट, महिन्याला बारा-पंधरा युनिटं, म्हणजे दीडेकशे रुपये. बरी मोटरवाली ट्रेडमिल पाऊण लाखात येते. वरचा एक लाख महावितरणच्या बिलातून वसूल व्हायला पन्नासेक वर्षं लागतील. वीज गेल्यावरही पळता येतं म्हणावं, तर वीज गेल्यावर पंखाही बंद असतो, आणि ऑक्टोबरमध्ये पंख्याशिवाय यावर पळणं म्हणजे शिक्षा. जागच्या जागी पळताना वारा लागत नाही, त्यामुळे समोर मोठा पंखा हवाच.

सुरक्षेबद्दल मात्र विनोद नाही. याला ओढून थांबवायची किल्ली नसते, पट्टा कायम मोकळा असतो. चढताना एक पाय पट्ट्यावर टाकला की तो मागे सरकतो. सासूबाईंना वाटलं होतं पावसाळ्यात इथेच चालता येईल. एकदा चढल्या, दांडा घट्ट धरून उतरल्या आणि म्हणाल्या, “या घसरगुंडीवर तूच चाल.” मला त्यांचं पटलं. तोल जाणाऱ्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या किंवा अगदी हळू चालणाऱ्या माणसांसाठी हे मशीन नाही, त्यांना मोटरवालीच द्या, तिचा वेग स्थिर असतो. घरात लहान मुलं असतील तर पट्टा लॉक होणारंच मॉडेल घ्या. आमच्यात लॉक नाही, म्हणून त्या खोलीला बाहेरून कडी.

देखभाल कमी आहे, शून्य नाही. सिलिकॉन ऑइल घालावं लागत नाही, पट्टा सरकला म्हणून कोणाला बोलवावं लागत नाही. डिस्प्लेला दोन पेन्सिल सेल, ते अजून बदललेले नाहीत. पण ठाण्याची दमट हवा आणि घाम यांनी पावसाळ्यात पट्ट्यांच्या स्क्रूंवर गंज धरला. पळून झालं की कोरड्या फडक्याने पुसणं आणि महिन्याला एकदा स्क्रू घट्ट आहेत का बघणं एवढं करा. आमचे दोन स्क्रू ढिले होऊन पट्टी टकटक वाजायला लागली. ते स्क्रू पाठवायला विक्रेत्याने दिवाळीच्या आधीपासून नोव्हेंबर संपेपर्यंत वेळ लावला. मोटरवाली ट्रेडमिल दुरुस्त करणारा माणूस ठाण्यात कुठेही मिळतो, हिला हात लावायला कोणी तयार नव्हता.

त्यामुळे घ्यायचीच असेल तर स्वतःचे बूट घेऊन दुकानात जा आणि किमान पंधरा मिनिटं पळा, पाच मिनिटांत सगळ्याच छान वाटतात. अगदी हळू चालून बघा, पट्टा धक्के देतोय का ते तेव्हाच कळतं. पुढच्या चढावर उभं राहून डोक्यावर किती जागा उरते ते पाहा, घरी फॉल्स सीलिंग असेल तर विशेष. आणि बिलावरच लिहून घ्या की पट्ट्या, बेअरिंग आणि स्क्रू सुटे मिळतील, किती दिवसांत मिळतील आणि बसवायला माणूस ठाण्यातून येणार की भिवंडीच्या गोदामातून.