बाभळीची ओंडकी फोडण्यासाठी घेतलेली कुऱ्हाड, पाचर आणि घण

शेताच्या धुऱ्यावरची (बांधावरची) जुनी बाभूळ पडल्यानंतर वर्षभराचे सरपण तर मिळाले. परंतु वाळलेल्या बाभळीचे पीळदार, गाठाळ ओंडके घरातल्या पातळ पात्याच्या कुऱ्हाडीला दाद देईनात. असे पाते फांद्या तोडण्यास उत्तम असते. ओंडक्यात मात्र ते खोल रुतून अडकते, कारण लाकूड फोडताना तंतू कापायचे नसून एकमेकांपासून दूर रेटायचे असतात, आणि ते काम जाड, फुगीर गालांचे पातेच करते.

प्रथम हार्डवेअरच्या दुकानातून तयार कुऱ्हाड घेतली. रंग देखणा होता, पण दांडा महिनाभरात ढिला झाला. नंतर आठवडी बाजारात लोहाराकडून ट्रकच्या पाट्याची (स्प्रिंगच्या पोलादी पट्टीची), सुमारे 2 किलोची कुऱ्हाड घडवून घेतली आणि तिला धावड्याचा दांडा बसवला. धावड्याचे लाकूड चिवट असून हादरा सोसते, त्यामुळे हा दांडा अजूनही घट्ट आहे. धार मात्र लवकर बोथट होते, ही तिची उणीव मान्य करावी लागेल.

गाठीच्या ओंडक्यासाठी दोन लोखंडी पाचरी आणि 4 किलोचा घण यांना पर्याय नाही. पहिली पाचर टोकाच्या भेगेत ठोकावी, ती अडकल्यास दुसरी त्याच रेषेत पुढे लावावी. कुऱ्हाडीलाच पाचर समजून तिच्या माथ्यावर घण घालू नये, कारण त्याने दांड्याचे भोक वाकडे होते. पाचरीच्या डोक्याची फुललेली कड वेळोवेळी घासून घ्यावी, अन्यथा तिचे तुकडे उडून डोळ्याला इजा होऊ शकते.