गोव्यात पोलीस आणि कोर्टाचे कागद : कोणत्या खिडकीवर काय मिळते

एफआयआर, पंचनामा, आरोपपत्र, निकालपत्र. प्रकरण एकच, पण हे कागद एका कचेरीत मिळत नाहीत. पहिला पोलिसांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतो. दुसरा आणि तिसरा त्रयस्थाला सहजासहजी मिळत नाहीत. चौथा संगणकावर वाचता येतो, पण कुठे सादर करायचा झाला तर त्यावर कोर्टाचा शिक्का लागतो. हा फरक न कळल्यामुळे गोव्यातल्या लोकांचे महिने वाया जातात. म्हणून इथे एकेक खिडकी कितपत कामाची आहे ते पाहू.

सगळ्यात मोठी चूक माहिती हक्काच्या अर्जाची. गोव्याने माहिती हक्काचा स्वतःचा कायदा १९९७ सालीच केला, केंद्राचा कायदा त्यानंतर आठ वर्षांनी आला. इथे अर्ज लिहिणाऱ्यांची कमी नाही, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पण कोर्टाच्या फायलीतला कागद या अर्जाने मिळत नाही. गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी हे स्पष्ट केले: न्यायालयीन कागदपत्रांच्या प्रती उच्च न्यायालयाने घालून दिलेल्या नियमांनुसार, नकलेचा अर्ज करूनच घ्यायच्या. ज्याने माहिती हक्काचा अर्ज टाकला, त्याला तिसाव्या दिवशी ‘नक्कल विभागात अर्ज करा’ एवढेच उत्तर येते. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायची मुदतही ३० दिवसांचीच असते. ती तोवर संपलेली असते.

आता ई-कोर्ट्सचे संकेतस्थळ. प्रकरणाचा क्रमांक, पुढची तारीख आणि हुकूम शोधायला याच्यासारखे दुसरे साधन नाही. पैसे लागत नाहीत, नावनोंदणीही नाही. राज्य गोवा, मग उत्तर की दक्षिण, मग न्यायालय संकुल निवडायचे. यादीत गावे इंग्रजी रूपात आहेत. डिचोली शोधणाऱ्याला ‘बिचोलिम’, काणकोणला ‘कानाकोना’, केप्याला ‘केपेम’ दिसेल. पणजीची जिल्हा व सत्र न्यायालये आता मेरशीच्या संकुलात बसतात, आणि उच्च न्यायालयाचे गोवा खंडपीठ २०२१पासून पर्वरीला आहे. प्रत्यक्ष जायचे असेल तर जुन्या पत्त्यावर जाऊ नका.

या संकेतस्थळाची खरी अडचण नावाने शोधताना येते, आणि ती खास गोव्याची आहे. आपली आडनावे दोन लिप्यांत आणि दोन राजवटींत लिहिली गेली आहेत. नाईक ‘के’ने संपतो किंवा पोर्तुगीज वळणाने ‘क्यू-यू-ई’ने. देसाईत एक ‘एस’ किंवा दोन. गावकरात ‘के’ किंवा ‘सी’. शेट ‘एस’ने किंवा ‘एक्स’ने. परब कुठे ‘पोरोब’ होतो. एकाच घरातल्या दोन भावांची आडनावे कागदावर वेगळी दिसतात. शोधासाठी किमान तीन अक्षरे आणि वर्ष लागते, त्याचा फायदा घ्या. पूर्ण नाव टाकू नका, दोन्ही स्पेलिंगांत सारखी असलेली सुरुवातीची तीन-चार अक्षरे टाका. नाईकसाठी ‘एन-ए-आय’ पुरे. शेटसारख्या नावाला मात्र दोनदा शोधावेच लागते. दुसरी गोष्ट, ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ यांपैकी ‘प्रलंबित’ आधीच निवडलेले असते. निकाली प्रकरण शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही, ते बहुधा यामुळेच.

फौजदारी प्रकरणात फिर्यादीचे नाव टाकून उपयोग नसतो. पोलिसांनी दाखल केलेल्या खटल्यात एक बाजू राज्य सरकार असते, दुसरी आरोपी. फिर्यादी हा पक्षकार नसतो, तो साक्षीदार. तेव्हा आरोपीच्या नावाने शोधा, किंवा त्याहून चांगले म्हणजे एफआयआर क्रमांकाने. पोलीस स्थानक निवडायचे, क्रमांक आणि वर्ष टाकायचे. हा शोध सगळ्यात नेमका आहे. मात्र प्रकरण कोर्टात नोंदले गेल्यावरच तो चालतो. एका एफआयआरवर तीन-चार नोंदी आल्या तर गोंधळू नका. जामीन अर्ज वेगळा नोंदला जातो, खटला वेगळा. सत्र न्यायालयाकडे सोपवलेल्या खटल्याला तिथे नवा क्रमांक मिळतो. निकाल ज्या कोर्टाने दिला, नकलेच्या अर्जावर त्याच कोर्टातला क्रमांक लागतो.

सोळा स्थानांचा सीएनआर क्रमांक सापडला की तो लिहून ठेवा. त्यात राज्याची दोन अक्षरे, जिल्ह्याची दोन, न्यायालयाचे दोन अंक, अनुक्रमाचे सहा आणि शेवटी वर्षाचे चार. हा एक क्रमांक हाती असला की नाव, स्पेलिंग, तालुका यांची कटकट संपते. संकेतस्थळावरचा निकाल वाचायला पूर्ण चालतो, पण ती प्रमाणित प्रत नव्हे. बँक, पासपोर्ट कार्यालय किंवा वरचे कोर्ट ती धरत नाही.

एफआयआरच्या बाबतीत स्थिती बरीच चांगली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर दिलेल्या निकालाने एफआयआर नोंदल्यापासून २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकणे बंधनकारक झाले. जोडणीची अडचण असलेल्या भागात ही मुदत ७२ तासांपर्यंत जाते. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणे यातून वगळली आहेत, आणि एफआयआर संवेदनशील आहे हे उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने ठरवायचे नाही. संकेतस्थळावर नाही म्हणजे एफआयआरच नाही, असे समजू नका. आरोपीला स्थानकात अर्ज करून २४ तासांत प्रत मिळते, कोर्टात अर्ज केला तर कामकाजाच्या दोन दिवसांत. फिर्यादीला आणि पीडिताला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे प्रत विनामूल्य द्यायची असते. ती मागताना संकोच करू नये.

प्रत हातात आली की स्थानकातून निघण्याआधी तीन रकाने पाहा. पहिल्या रकान्यात जिल्हा, स्थानक, वर्ष, क्रमांक आणि तारीख असते, पुढचे सगळे शोध याच्यावर चालतात. तिसऱ्यात घटना केव्हा घडली, खबर स्थानकात केव्हा आली आणि स्टेशन डायरीतल्या नोंदीचा क्रमांक असतो. आठव्यात खबर द्यायला उशीर झाला असल्यास त्याचे कारण. घटना आणि खबर यांत दोन दिवसांचे अंतर असूनही आठवा रकाना कोरा असेल, तर बचावाचा वकील उद्या नेमके तिथेच बोट ठेवतो. शेवटच्या रकान्यात एफआयआर कोर्टाला केव्हा पाठवला ती तारीख आणि वेळ असते. तीही टिपून घ्या.

आरोपपत्राबद्दल मात्र स्पष्ट नाही म्हणावे लागते. ते सार्वजनिक दस्तऐवज नाही आणि संकेतस्थळावर टाकता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी दिला. आरोपीला मात्र ते हक्काने मिळते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, विनामूल्य. पीडिताचा वकील असेल तर त्यालाही. पत्रकार, शेजारी, जमिनीचा खरेदीदार यांनी त्या कोर्टापुढे कारण देऊन अर्ज करावा. परवानगी द्यायची की नाही ते न्यायाधीश ठरवतात. आरोपपत्र दाखलच झालेले नसेल तर पोलिसांनी समरी अहवाल, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवला का ते विचारा. ‘ए’ म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, ‘बी’ म्हणजे तक्रार खोटी, ‘सी’ म्हणजे गैरसमजाने किंवा दिवाणी स्वरूपाची. हा अहवाल कोर्टात असतो, स्थानकात त्याची चौकशी करून फारसे हाती लागत नाही.

प्रमाणित प्रतीची खिडकी जुन्या पद्धतीची आहे, आणि आमच्या मते सर्वांत भरवशाची. प्रकरणाचा प्रकार, क्रमांक, वर्ष, दोन्ही पक्षकारांची नावे, न्यायाधीशांचे पद, कोणता कागद, कोणत्या तारखेचा आणि किती प्रती, एवढे अर्जात लिहायचे. वर कोर्ट फी तिकीट. प्रतीचा खर्च पानांवर ठरतो. ‘संपूर्ण फाईल’ असे लिहिणारा सर्वांत जास्त वाट पाहतो. त्यापेक्षा निकालपत्र, अमुक तारखेचा हुकूम, निशाणी क्रमांक (पुराव्याच्या कागदाला कोर्टाने दिलेला क्रमांक) तमुक, असे नेमके मागा. निशाणी क्रमांक ठाऊक नसेल तर आधी वकिलामार्फत फाईल पाहण्याचा अर्ज करा. दोषी ठरलेल्या आरोपीला शिक्षेच्या निकालाची एक प्रत फुकट मिळते. पक्षकार नसलेल्याने कारण लिहायचे, आणि ते खरे व नेमके असावे. ‘वैयक्तिक कामासाठी’ एवढ्यावर अर्ज अडकतो. ‘सर्वे क्रमांक अमुक या जमिनीच्या खरेदीआधी हक्क तपासण्यासाठी’ असे लिहिले तर न्यायाधीशांनाही निर्णय सोपा जातो.

प्रत मिळाल्यावर शेवटचे पान उलटून पाहा. तिथे तीन तारखा असतात: अर्ज केव्हा केला, प्रत केव्हा तयार झाली, केव्हा दिली. मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत मिळवायला लागलेला काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो, आणि तो मोजतात या तारखांवरूनच. अर्ज करण्याआधी घालवलेले दिवस मात्र परत मिळत नाहीत. तयार असलेली प्रत आळसाने पडू दिली तर तेही दिवस तुमच्याच खात्यात. म्हणून निकालाच्या दिवशीच अर्ज द्या.

मग माहिती हक्काचा अर्ज कुठे चालतो? पोलिसांकडच्या प्रशासकीय कागदांना तो उत्तम आहे. शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तर ३० दिवसांत. सर्वांत चांगला उपयोग म्हणजे तक्रार दिली पण एफआयआर नोंदला नाही अशा वेळी. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत प्राथमिक चौकशीला कायद्याने १४ दिवस दिले आहेत. ते उलटल्यावर अर्ज करा. ‘कारवाई का केली नाही’ असा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर द्यायला अधिकारी बांधील नाही. ‘अमुक तारखेच्या, आवक क्रमांक तमुक असलेल्या माझ्या अर्जावरील सर्व शेरे, नोंदी आणि पत्रव्यवहार यांच्या प्रती’ असे मागा. आवक क्रमांक नसेल तर सगळे लटकते, म्हणून तक्रार देतानाच दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा.

तपास चालू असताना नकार येतो तो कलम ८(१)(ह) खाली. पण ‘तपास चालू आहे’ एवढे कारण पुरत नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते सांगावे लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ साली हे ठरवले, आणि पहिल्या अपिलात हा मुद्दा आवर्जून मांडा. पहिले अपील ३० दिवसांत, दुसरे राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत. केस डायरी, म्हणजे तपास अधिकाऱ्याची रोजची तपासवही, मात्र आरोपीलाही मागता येत नाही, तिच्यामागे लागून वेळ दवडू नये.

अपघाताच्या कागदांसाठी वेगळी वाट आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. १ एप्रिल २०२२पासून पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत आणि सविस्तर ९० दिवसांत द्यायचा आहे, आणि पीडितांना त्याच्या प्रती द्यायच्या आहेत. भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत करावा लागतो. त्यामुळे खटल्याच्या निकालाची वाट पाहणे म्हणजे दावा धोक्यात घालणे.

दोन प्रकारची प्रकरणे ई-कोर्ट्सवर शोधून दमू नका. शांतता राखण्याच्या हमीची प्रकरणे, ज्यांना सगळे ‘चॅप्टर केस’ म्हणतात, ती मामलेदार किंवा उपजिल्हाधिकारी कार्यकारी दंडाधिकारी म्हणून चालवतात. त्यांची फाईल तालुक्याच्या कचेरीत असते. आणि २००३च्या गोवा बाल कायद्याखाली बाल न्यायालयात चाललेल्या प्रकरणांत मुलाची ओळख उघड होईल असे काही मिळणार नाही. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेचे नाव छापणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. अधिकृत प्रत हातात असली तरी ती व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलणाऱ्याला हे कलम लागू होते, म्हणून अशा कागदाची झेरॉक्स काढतानाही नावावर कोरी पट्टी लावून काढा.