बुकिंग कुठून आलं की पाहुणा कशासाठी आला? सोलापूरच्या हॉटेलवाल्याने काय नोंदवावं

नवं सॉफ्टवेअर बसवायला आलेला मुलगा हमखास विचारतो, "सर, मार्केट सेगमेंट, म्हणजे पाहुण्यांचे प्रकार, काय काय टाकू?" आपण गडबडीत असतो, म्हणतो, "असतील ते टाक." मग यादीत 'ऑनलाइन', 'कॉर्पोरेट', 'वॉक-इन', 'फॅमिली' असं सगळं एकाच रांगेत येऊन बसतं. ऑनलाइन बुकिंग करून आलेला कंपनीचा माणूस यातल्या कुठल्या खान्यात घालायचा? सकाळच्या पाळीचा एकात घालतो, रात्रीचा दुसऱ्यात.

बुकिंगच्या वाटेवरून वर्गवारी करणं सोपं आहे. ऑनलाइन कंपन्या, फोन, एजंट, थेट आलेला. ऑनलाइनचं तर सॉफ्टवेअर स्वतःच भरतं. कमिशनमध्ये किती गेले हे यातूनच कळतं, त्यामुळे ही नोंद सोडू नका. पण पुढच्या महिन्याचा अंदाज बांधायला ती फारशी कामाची नाही. खोली गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या कुटुंबाने घेतली की युनिफॉर्मची ऑर्डर द्यायला आलेल्या व्यापाऱ्याने, हे त्यातून उमगत नाही.

आणि सोलापुरात सगळी मेख तिथेच आहे. व्यापारी आठवड्याच्या मधल्या वारी, एकटा येतो. दरात घासाघीस करतो, पण पुन्हा येतो. दर्शनाचं कुटुंब शनिवारी रात्री येणार, एका खोलीत चौघं, जादा गादी मागणार, पहाटे निघणार. लग्नवाले एकदम बारा खोल्या धरतात आणि आदल्या दिवशी चार सोडतात.

त्यात पंचांग. सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे हीच गड्ड्याची, संक्रांतीला धरून असते, म्हणून जानेवारीचे आकडे गेल्या जानेवारीशेजारी ठेवले तरी चालतं. तुळजापूरच्या नवरात्राचं तसं नाही. २०२४ ला घट बसले ३ ऑक्टोबरला, २०२५ ला २२ सप्टेंबरला, २०२६ ला अधिक ज्येष्ठामुळे थेट ११ ऑक्टोबरला. तारखेला तारीख लावली तर सप्टेंबर २०२६ पडल्यासारखा दिसेल आणि तुम्ही घाबरून दर उतरवाल. 'देवदर्शन' वेगळं नोंदवलेलं असेल तर तेवढाच भाग तिथीप्रमाणे सरकवता येतो, बाकीचा धंदा तारखेवर ठेवता येतो.

येण्याच्या कारणावरून नोंद करण्याची अडचण माणसांची आहे. आमच्याकडे मी हौसेने चौदा प्रकार केले होते. तीन महिन्यांनी रिपोर्ट काढला तर निम्म्याहून जास्त पाहुणे 'इतर'मध्ये! काउंटरवरच्या पोरांचं चुकलं नव्हतं, रात्री अकराला दमून आलेल्या माणसाला "आपण कशासाठी आलात?" विचारणं बरं दिसत नाही. आता पाचच प्रकार आहेत: व्यापार, कंपनी-सरकारी काम, देवदर्शन, समारंभ, बाकी. शिवाय विचारायचं नाही, ऐकायचं. "अक्कलकोटला काकड आरतीला पोचायचं तर किती वाजता निघू?", "चाटी गल्ली इथून लांब आहे का?", "फताटेवाडीला गाडी मिळेल?" पहिला दर्शनाला, दुसरा कापडबाजारात, तिसरा वीज प्रकल्पाच्या कामाला. चावी देईपर्यंत पाहुणा स्वतःच सांगून मोकळा होतो. व्यापारी जाताजाता स्वामींचं दर्शनही घेणार असेल, तर बिल बघायचं. पेढीच्या नावाने जीएसटी बिल मागितलं की व्यापार.

मोठ्या साखळीच्या हॉटेलांत सुटे पाहुणे, ग्रुप आणि करारावरचे अशी ठरलेली विभागणी असते. आपल्या हॉटेलाला साखळीचं नाव लावणार असाल तर त्यांचीच यादी घ्या, वाद घालू नका.

स्टेशनजवळ पंधरा-वीस खोल्या असतील, मालक स्वतः काउंटरवर बसत असेल, तर बुकिंगची वाट आणि सोबत 'देवदर्शन: हो/नाही' एवढं पुरे. चाळीस खोल्या आणि वर हॉल असेल तर मात्र सेगमेंट म्हणजे येण्याचं कारणच ठेवा. वाटेसाठी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये 'सोर्स' नावाचा वेगळा रकाना असतो, 'ऑनलाइन' तिथे. बदल १ एप्रिलपासून करा, आणि पुढच्या तारखांची जी बुकिंगं आधीच पडलीत त्यांचे सेगमेंटचे कोड त्याच दिवशी बसून हाताने बदला.