पाचूची अंगठी: रंगाचं नंतर बघू, आधी तेलाचं बोला

अंगठी झवेरी बाजारातल्या एका पेढीवरची. २२ कॅरेट सोनं, चार प्रॉन्गमध्ये, म्हणजे खडा पकडणाऱ्या सोन्याच्या नख्यांमध्ये, बसवलेला आठकोनी घाटाचा झांबियन पाचू, वजन २.१ कॅरेट, सोबत लॅबचं छोटं कार्ड. रोजच्या वापरात होती. दिवाळीच्या तोंडावर त्याच पेढीवर पॉलिशला दिली. चकाचक होऊन परत आली खरी, पण खड्याच्या मधोमध झाडाच्या फांद्यांसारख्या पांढुरक्या रेषा दिसायला लागल्या. काउंटरवरचं उत्तर ठरलेलं: "नैसर्गिक खडा आहे, जाळं असणारच." जाळं, म्हणजे खड्यातल्या नैसर्गिक बारीक भेगा, असतंच, त्याबद्दल वाद नाही. पण खरेदीच्या दिवशी भिंगाखालीही जेमतेम दिसणारं जाळं पॉलिशनंतर हातभर अंतरावरून कसं दिसतं? याचं कारण तेल, आणि विकताना तेलाचा विषय कोणी काढत नाही.

पाचू म्हणजे बेरिल या खनिजाचा हिरवा प्रकार. हिरवा रंग क्रोमियम आणि व्हॅनेडियममुळे येतो. तयार होतानाच त्यात बारीक भेगा पडतात आणि त्यातल्या काही थेट पृष्ठभागापर्यंत पोचतात. भेगेत हवा असली की प्रकाश तिथे परततो आणि भेग पांढरी चमकते. पाचूचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचं माप, साधारण १.५७ ते १.५८, हवेचा १. भेगेत सीडरवुड तेल भरलं, ज्याचा अपवर्तनांक १.५१च्या आसपास आहे, की हा फरक इतका कमी होतो की भेग डोळ्यांना दिसेनाशी होते. भेग जागेवरच असते, फक्त दिसत नाही. बाजारात येणाऱ्या बहुतेक पाचूंवर हे केलेलं असतं, झांबियाचा असो, कोलंबियाचा असो की ब्राझीलचा.

पॉलिशवाल्याकडे अल्ट्रासॉनिक मशीन असतं. गरम साबणपाण्यात दागिना टाकायचा, कंपनांनी मळ सुटतो. हिऱ्याला ठीक. पाचूच्या भेगांतलं तेल मात्र त्याच कंपनांनी आणि उष्णतेने सुटतं, भेगेत हवा शिरते आणि आधीच्या भेगा कधीकधी पुढे सरकतात. वाफेचा फवाराही तितकाच वाईट. अंगठीचं माप बदलताना खडा न काढता सोनाराच्या टॉर्चची ज्योत लावली तर त्याहून वाईट. हे पाचू विकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, म्हणूनच राग जास्त येतो.

पहिल्या काही आठवड्यांत हा अनुभव लिहिला असता तर सूर वेगळा असता: तेल भरलेला खडा म्हणजे फसवणूक. आता तसं म्हणणार नाही. तेल हा जुना, मान्य उपचार आहे आणि तो पुन्हा करता येतो. तक्रार आहे ती तेलाचं प्रमाण न सांगण्याबद्दल. लॅब हे प्रमाण श्रेणीत देतात. जीआयए या अमेरिकन रत्नपरीक्षण संस्थेच्या रिपोर्टवर एफ१, एफ२, एफ३ असं असतं, म्हणजे किरकोळ, मध्यम आणि लक्षणीय. इतर लॅब मायनर, मॉडरेट, सिग्निफिकंट असे शब्द वापरतात. रंग आणि वजन सारखं असलेल्या दोन खड्यांत ही एक ओळ किमतीत मोठा फरक पाडते. आमच्या कार्डावर फक्त 'नॅचरल एमराल्ड' आणि वजन, उपचाराचा रकाना कोरा. नंतर खडा सुटा करून वेगळ्या लॅबमध्ये तपासला तेव्हा मॉडरेट निघाला. मॉडरेट खडा वाईट नसतो. मॉडरेटचे पैसे घ्या, मायनरचे नको, एवढंच.

म्हणून तपासणी खडा सुटा असतानाच करून घ्या. कोंदणात बसवल्यावर लॅब वजन अंदाजानेच देऊ शकते आणि कडांजवळच्या भेगा सोन्याखाली झाकल्या जातात. मुंबईत रत्नपरीक्षणाच्या लॅब बीकेसीत आणि ऑपेरा हाऊसच्या भागात आहेत. "खडा बुक करतो, रिपोर्ट आला की पैसे पूर्ण" असं स्पष्ट सांगितलं तर चांगला व्यापारी आढेवेढे घेत नाही. आढेवेढे घेतले तर दुसरी पेढी आहेच.

लॅबपर्यंत जाण्याआधी काउंटरवर बरंच कळतं. दहापटीचं भिंग मागा. खडा तिरपा करून हळूहळू फिरवा. एखाद्या भेगेवरून नारिंगी किंवा निळसर झळक सरकली, तर आत तेलाऐवजी राळ असण्याची शक्यता आहे. बाजारात अशा राळेचं ऑप्टिकॉन हे नाव ऐकू येतं. राळ जास्त टिकते, पण काही वर्षांनी पिवळी किंवा धुरकट होऊ शकते आणि काढणं अवघड जातं. मग दुकानाच्या दिव्यांखालून उठून दारात, दिवसाच्या उजेडात या. खडा छापील कागदावर ठेवा. मधल्या पैलूतून अक्षरं सहज वाचता आली तर खडा उथळ कापलाय आणि मधोमध रंग फिका पडणार. बाजूने आडवा धरून बघा, कमरेच्या रेषेत, म्हणजे खड्याचा वरचा आणि खालचा भाग मिळतात तिथे, हिरवा थर वेगळा दिसला तर तो तुकडे चिकटवून केलेला जोडखडा असू शकतो. बंद पाठीच्या जुन्या दागिन्यात खड्याखाली हिरवी डांक, म्हणजे चमकदार पातळ पत्रा, असते, तिथे दिसणारा रंग खड्याचा की डांकेचा ते पाठ उघडल्याशिवाय ठरत नाही. आणि अगदी निर्मळ, गडद, स्वस्त पाचू कोणी पुढे केला तर तो प्रयोगशाळेत वाढवलेला किंवा काच धरूनच चाला. काचेत गोल बुडबुडे दिसतात.

वजनाचं एक सांगतो, कारण इथे पैसे गळतात. ज्योतिषाच्या खड्यांसाठी बाजारात धरली जाणारी रत्ती साधारण ०.९१ कॅरेटची. सोनाराची जुनी रत्ती ०.१२१५ ग्रॅम, म्हणजे जवळपास ०.६१ कॅरेट. 'पाच रत्ती'चा खडा एका हिशोबाने साडेचार कॅरेटच्या वर, दुसऱ्या हिशोबाने तीनच कॅरेट. भाव कॅरेटवरच ठरवा आणि बिलात कॅरेटच लिहून घ्या. खड्याचं वजन सोन्यातून वजा केलंय का, तेही बघा. २.१ कॅरेट म्हणजे ०.४२ ग्रॅम; ते एकूण वजनात राहून गेलं तर तेवढ्यावर सोन्याचा भाव आणि वर घडणावळ जाते. १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा झालेला एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कसोबतचा दागिन्याचा ओळख क्रमांक, बीआयएस केअर ॲपवर जरूर तपासा, पण हॉलमार्क सोन्याचा असतो, खड्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

वापराबद्दल मात्र अंगठी चांगली ठरली. काठिण्य साडेसात ते आठ असल्यामुळे पैलूंवर ओरखडे नाहीत, रंग जसाच्या तसा. झांबियन खड्यातली निळसर झाक ट्यूबलाइटखाली थोडी थंड वाटते, सकाळच्या उन्हात सुरेख खुलते. पण काठिण्य म्हणजे फक्त ओरखडा न पडणं. भेगा असलेला खडा आघाताला कच्चाच. आठकोनी घाटात कोपरे तासलेले असतात ते याचसाठी, तरी लोकलच्या दांड्यावर आपटला तर कड उडू शकते. रोज घालणार असाल तर प्रॉन्गपेक्षा चारही बाजूंनी सोन्याची कड असलेलं कोंदण घ्या. भांड्यांचा साबण, सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर, गॅसची धग, यातल्या प्रत्येकाने तेल थोडंथोडं जातं. स्वैपाकाआधी अंगठी काढून ठेवायची. कोमट पाणी, मऊ ओलं फडकं, एवढीच साफसफाई.

पुन्हा तेल भरण्याचं काम वेगळ्या कारागिराकडून झालं. आधी खडा कोंदणातून काढायचा. मग जुनं तेल द्रावकात पूर्ण काढायचं, कारण अर्धवट राहिलेल्या तेलावर नवं नीट बसत नाही. खडा कोरडा झाला की निर्वात भांड्यात ठेवून भेगांतली हवा ओढून घ्यायची आणि कोमट सीडरवुड तेल आत जाऊ द्यायचं. वरून पुसून पुन्हा कोंदणात. तेल बिनरंगीच असल्याची खात्री आधी करून घ्या. हिरवा रंग मिसळलेलं तेलही मिळतं. त्याने रंग गडद दिसतो आणि पुढे तेल उडालं की रंगही उतरतो. पांढुरक्या रेषा पूर्ण गेल्या आणि खड्याला पुन्हा पाणी आलं. एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

पेढीने शेवटी बिलावर 'मॉडरेट ऑइल' असं लिहून, शिक्का मारून दिलं. पुन्हा तेल भरण्याचा खर्च द्यायला मात्र तयार नाहीत. बदलीत अंगठी घेतो म्हणाले, पण हिशोब फक्त सोन्याचा, खड्याचे शून्य. आता नवा लॅब रिपोर्ट जोडून लेखी मागणी दिली आहे: एक तर तेल भरण्याचा खर्च, नाही तर मायनर आणि मॉडरेटच्या भावातला फरक.